दोन डावे पंख

१

एकतीस वर्षं मी कारखान्यात तपासणीला होते. आलेला माल मापायचा, बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी लावायची, नसेल तर लाल लावून परत पाठवायचा, एवढंच काम. देवासच्या इंडस्ट्रियल एरियात माझ्या लाल चिठ्ठीला चांगले चांगले फोरमन टरकून असायचे आणि पाठीमागे मला लालबाई म्हणायचे. ते मला ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

आम्ही मूळचे धारचे. पवारांच्या फौजेबरोबर तोफगाड्यांची चाकं बनवायला आमचे पूर्वज आले आणि माळव्यातच राहिले. चाकं गेली, पण लाकूड घरातून गेलं नाही. माझा धाकटा भाऊ रघुजी धारला फोटोच्या फ्रेमा बनवतो. मी नोकरीसाठी देवासला आले. लग्न केलं नाही. आई गेल्यावर माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं, ते रघुजी.

आम्हा दोघांना विमानांचं वेड आहे. रेडिओच्या रिमोटवर उडणारी, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची, बॅटरीवर चालणारी विमानं. आजवर नऊ बांधली. कापायचं त्यानं, मापायचं मी. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत देवासबाहेरच्या मैदानावर रघुजी नववं विमान उतरवत होता आणि ते वेडंवाकडं येऊन आपटलं. मैदानावर तीस-चाळीस माणसं होती, त्यात धारहून आलेली त्याची गिऱ्हाइकंही होती. मी त्याच्या हातून रिमोट काढून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “याचा हात कापतो. याच्या हातात काही देऊ नका.”

खरंच कापत होता. वर्षभर मी पाहत होते आणि त्याला वाटत होतं कुणाला दिसत नाही. तो तुकडे गोळा करून बसनं धारला गेला. दोन भाऊबिजा तो आला नाही. मीही फोन केला नाही. मी खोटं बोलले नव्हते, मग माफी कशाची मागायची, असं मला वाटायचं.

२

यंदा गणपतीत त्याचा फोन आला. जणू कालच बोलणं झालं होतं अशा आवाजात म्हणाला, “जीजी, दोन इंजिनांचं बांधू या का?”

दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान त्याच्या मनात लहानपणापासून होतं. मॉस्किटो. खरं विमानही लाकडाचंच होतं, म्हणून त्याला ते घरचं वाटायचं. दोन पंखांवर दोन मोटरी, एक सुलटी फिरणारी, एक उलटी. आम्ही कधी हिंमत केली नव्हती, कारण दोन मोटरींच्या विमानात एक बंद पडली तर जी चालू राहते तीच विमानाला फिरवून पाडते.

ठरलं ते असं. डावा पंख मी देवासला बांधायचा, उजवा पंख आणि मधलं धड त्यानं धारला. भाऊबिजेला तो सगळं घेऊन माझ्याकडे येणार, मी ओवाळणार, मग आम्ही पंख जोडणार. तोपर्यंत भेटायचं नाही, ही अट त्याचीच होती. मी कबूल केली. त्या क्षणी त्यानं काहीही मागितलं असतं तरी मी कबूल केलं असतं. मला माझा भाऊ परत हवा होता, एवढंच.

नकाशात फक्त डावा पंख काढलेला असतो. उजव्यासाठी कागदाला गोडं तेल चोळायचं, म्हणजे तो आरपार दिसायला लागतो, आणि मग तो उलटा घालून त्यावर बांधायचं. हे विसरलं की नवशिके हमखास दोन डावे पंख बांधून बसतात. रघुजी नवशिका नव्हता. तरी त्याची प्रत मी स्वतः तेल चोळून, मागच्या बाजूला लाल पेननं ‘ही बाजू वर’ असं लिहून, बसवाल्याच्या हाती पाठवली. जित्याची खोड आहे, ती जाणार कशी.

३

महिनाभर मी सुखात होते. सकाळी दहाला मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं, पंखाच्या बरगड्या एकेक घासून बसवायच्या, आणि वहीत तारीख, वेळ, माप लिहायचं. संध्याकाळी रघुजीला व्हॉट्सॅपवर फोटो पाठवायचे. तो अंगठा दाखवायचा. त्या एका अंगठ्याची मी दिवसभर वाट पाहायचे, हे आता लिहायला लाज वाटते.

दोन चुका माझ्या हातून झाल्या. चौथ्या बरगडीपाशी पंखाची मुख्य पट्टी चिरली, ती मी हिरव्या दोऱ्यानं गुंडाळून गोंदानं पक्की केली. पाचव्या बरगडीला ब्लेड बोटात घुसलं आणि रक्ताचा मोठा डाग लाकडात मुरला. तो आतल्या बाजूला होता, वरून पातळ फळी बसली की कुणाला दिसणार नव्हता. त्याचा फोटो मी पाठवला नाही.

वरच्या मजल्यावर कोमल भाडेकरू आहे, घरूनच कंप्युटरवर नोकरी करते. एकदा जिन्यात ती हसत म्हणाली, “आंटी, तुमचं घासणं आता मला पाठ झालंय. तीन वेळा खर्र, मग एक फुंकर. दिवसभर तेच. एक दिन बंद झालं तर मला करमणार नाही.” मी असं घासते हे मला स्वतःला कधी कळलं नव्हतं.

४

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बसस्टँडवरून फोन आला, धारचं पार्सल आहे, घेऊन जा. लांबट खोका होता, वर रघुजीचं अक्षर. मला राग आला आणि आनंदही झाला. भाऊबिजेपर्यंत काही पाठवायचं नाही असं ठरलं होतं, पण गडी कामावर खूश झाला असेल, राहवलं नसेल.

घरी येऊन खोका उघडला. आत पंख होता. मी तो टेबलावर माझ्या पंखाच्या समोर ठेवला, टोकं बाहेर येतील असा. तो बसेना. फिरवून पाहिला तर वरची बाजू खाली गेली. मग मी मोठ्यानं हसले. एवढं लाल पेननं लिहून पाठवलं, तरी पठ्ठ्यानं डावाच बांधला होता.

हसता हसता मी तो माझ्या पंखावर ठेवला, किती फरक पडतो ते पाहायला. फरक पडला नाही. कडेला कड बसली. मी सवयीनं मापायचा कॅलिपर घेतला. रघुजीचं काम देखणं असतं, पण अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, तो मापापेक्षा नजरेवर चालतो. या पंखात कुठेही अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. काठावर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, प्रत्येक बरगडीपाशी एक तिरकी रेघ आणि तिला खाली टिंब. ती खूण मी करते. कारखान्यात करायचे.

चौथ्या बरगडीपाशी हिरवा दोरा गुंडाळलेला होता.

५

मी लगेच रघुजीला फोन केला. आवाज हसरा ठेवला. म्हटलं, साहेब, डावा पाठवलात की.

“डावाच पाठवायचा होता ना, जीजी,” तो म्हणाला. “तूच बोललीस गुरुवारी. डावा देवासला पार्सल कर, वरची प्लास्टिकची फिल्म मी तिकडे चढवते.”

मी विचारलं, गुरुवारी आपला फोन तरी झाला का.

तो हसला. “फोनवर कशाला? इथे बसून बोललीस, चाय पीत. भूल गई क्या?”

दोन वर्षांनी भाऊ थट्टा करत होता. मला ती थट्टा कळत नव्हती, पण मोडायचीही नव्हती. मी हूं म्हटलं. तेवढ्यात त्याच्या बायकोनं, मालननं, फोन घेतला. ती जुन्या वळणाची आहे, मला अजून वन्सं म्हणते. म्हणाली, वन्सं, तुमचा चष्मा राहिलाय आमच्याकडे, काळ्या दोरीचा, मी देवघरात ठेवलाय, पुढच्या गुरुवारी आठवणीनं न्या.

माझा चष्मा माझ्या नाकावर होता. काळी दोरी गळ्यात होती. मी हातानं चाचपून पाहिली.

मग मात्र मी स्पष्ट सांगितलं. मालन, मी दोन वर्षांत धारला आलेली नाही. यंदाही आले नाही.  मालन ‘बरं बरं’ म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं, आणि वर म्हणाली, “तुम्ही आताशा रागावत नाही, वन्सं, यांना किती बरं वाटतं.” रघुजीनं फोन परत घेतला. मी तेच त्यालाही सांगितलं, शपथेवर.

 तो म्हणाला, “असं आहे होय.” आणि विषय बदलला. बॅटरी कुठल्या घ्यायच्या, असं काहीतरी.

६

मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. पण मला भीती वाटली की आधी राग येतो, हा माझा जुना रोग. मी वही काढली. महिन्यातल्या चारही गुरुवारी माझ्या नोंदी होत्या, वेळेसकट. तरी कोमलला जिन्यात गाठून सहज विचारल्यासारखं विचारलं, गुरुवारी मी घरी होते ना. ती म्हणाली, घरीच होतात आंटी, चारही गुरुवारी माझ्या मीटिंगा होत्या आणि तुमचं खर्र खर्र चालूच होतं.

म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. आता हिशेब सोपा होता. मी रोज फोटो पाठवत होते. फोटो पाहून कुणीही कारागीर तसाच पंख बांधेल, दोऱ्यासकट. रघुजीचा हात कापतो, म्हणजे त्यानं दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलं असणार आणि ते लपवायला ही गोष्ट रचली असणार. पण माझ्या नावानं त्यांच्याकडे येऊन बसते ती बाई कोण? आमची आतेबहीण विद्युल्लता बांध्यानं माझ्यासारखी आहे, लांबून लोक फसतात. तिला फोन लावला. ती गुडघा बदलून हाटपिपल्याला पलंगावर पडून होती आणि तिनं मला पाऊण तास त्या गुडघ्याबद्दल सांगितलं.

फोन ठेवल्यावर मला पाचवी बरगडी आठवली.

पंखात मोटरीच्या तारा जायला अंगठ्याएवढं भोक असतं. मी त्यातून बारीक टॉर्च घातली आणि डोळा लावला. आतल्या बरगड्या एकामागे एक दिसत होत्या. पाचवीच्या अंगावर, उजव्या कोपऱ्यात, तपकिरी डाग होता. वरून रुंद आणि खाली ओघळ गेलेला. मी माझ्या पंखातही टॉर्च घातली. तिथेही तसाच डाग होता. मी दोन्हींत तीन-तीनदा पाहिलं. मग पंख बाजूला ठेवले, स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी घासत राहिले.

गोंदाचा डाग असेल. गोंद जुना झाला की तपकिरी पडतो. असं स्वतःला सांगितलं आणि त्याबरोबर अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षांनी जवळ येऊन माझी नक्कल करून मलाच पाठवतो? कपाटात कारखान्यातल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा अजून होता. मी लाल चिठ्ठी काढली. कारण या रकान्यात लिहिलं: ‘काम दुसऱ्याचं. नामंजूर.’ सही केली, चिठ्ठी पंखाला दोऱ्यानं बांधली आणि पंख त्याच दुपारच्या बसनं धारला परत पाठवला.

संध्याकाळी टेबलाशी बसले तेव्हा लक्षात आलं. डाग पाहताना मी दोन्ही पंख पाच-सहा वेळा उचलले होते. भांडी घासून आल्यावर जो हाताशी होता त्याला चिठ्ठी बांधली होती. टेबलावर उरलेला पंख माझा होता की तो, हे मला सांगता येईना. एकतीस वर्षं मी मालात माल ओळखला, आणि आपल्या हातचं काम ओळखू शकत नव्हते.

७

चिठ्ठीबद्दल रघुजी चकार शब्द बोलला नाही. मला वाटलं, चूक कळली असेल. भाऊबीज जवळ येत होती आणि मलाही मूग गिळून बसणं सोयीचं होतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मोटरी जुळवायच्या होत्या. दोन्ही एकाच वेगानं फिरल्या पाहिजेत, नाहीतर विमान सरळ जात नाही. यंत्र लावून मोजता येतं, पण रघुजीला कानावर भरवसा. त्यानं सुचवलं ते मलाही आवडलं. त्यानं धारला त्याची मोटर चालवायची, मी देवासला माझी, आणि फोन स्पीकरवर ठेवायचा. दोन सूर थोडे वेगळे असले की मध्ये एक लाट येते, वाव-वाव-वाव अशी. सूर जुळत गेले की ती लाट लांबते आणि एका क्षणी नाहीशी होते.

दुपारी तीन वाजता आम्ही बसलो. तो म्हणाला, दोन्ही हातांत रिमोट धरलाय, म्हणजे हात कापणार नाही. त्यानं स्वतःच्या तोंडानं हाताचं नाव काढलं, पहिल्यांदा. मला भरून आलं. काहीतरी बोलावं असं वाटलं आणि मी म्हणाले, चल, सुरू कर.

सूर जुळायला दहा मिनिटं लागली. लाट लांबली, मग गेली. खोलीत एकच आवाज होता आणि तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. धार आणि देवास यांच्यात काही अंतरच नाही असं वाटलं. दोन वर्षांत मी इतकी आनंदात नव्हते. मग मी माझी मोटर बंद केली. त्यानं त्याची बंद केली. पाती फिरत फिरत थांबली.

फोनमधून आवाज येतच होता. मोटरीचा नव्हे. खर्र, खर्र, खर्र. मग फुंकर.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. ते टेबलावर होते, रिकामे.

खर्र, खर्र, खर्र. फुंकर.

“रघु,” मी विचारलं, “तिथे कोण घासतंय?”

तो आवाज थांबला. माझा प्रश्न ऐकून कुणी हात थांबवावा तसा, तिसऱ्या घासण्याच्या अर्ध्यावर.

“कुठे काय,” रघुजी म्हणाला. “पंखा आहे वरचा. आवाज करतो.”

माझ्या भावाला खोटं बोलता येत नाही. लहानपणी बोलायचा तेव्हा शब्द भरभर टाकायचा. आज तो अगदी सावकाश बोलला, आणि तरीही ते खोटं होतं हे मला कळलं. त्याला ठाऊक होतं तिथे कोण आहे. पण ते तो मला सांगणार नव्हता. त्या घासण्याची मला भीती वाटली, पण खरं दुखलं ते हे.

८

भाऊबिजेच्या दिवशी मी पहाटेच उठले. श्रीखंड घरी केलं, बाजारचं त्याला चालत नाही. कपाटातून वांगी रंगाची साडी काढून नेसले. निवृत्त झाले तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी दिली होती, चार वर्षं घडीही मोडली नव्हती. ताम्हनात कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, सगळं मांडलं. टेबल मोकळं करून त्यावर पंख ठेवला. माझा असो की नसो, एवढाच एक होता.

दहाला येतो म्हणाला होता. साडेअकरा वाजले. फोन लावला, उचलला नाही. मालनलाही लावला, तिनंही नाही. बारा वाजता कोमल ओवाळून घ्यायला आलेल्या तिच्या भावाला घेऊन खाली आली, पाया पडून गेली. तिच्या भावाच्या कपाळावरचा टिळा पाहून मला रडू फुटलं. एकसष्टाव्या वर्षी, मधल्या खोलीत उभं राहून, मी मोठ्यानं रडले.

मग मी ताम्हन डब्यात बांधलं. भाऊबिजेला भाऊ बहिणीकडे जातो, बहिणीनं भावाच्या दारात ताट घेऊन जायची आमच्यात रीत नाही. आई असती तर बोलली असती. मी इंदूरची बस धरली आणि इंदूरहून धारची. बस भावांनी भरली होती, सगळ्यांच्या कपाळावर कुंकू. मी वाटेत ठरवत होते की आत गेल्यावर पहिलं काय बोलायचं. मैदानावर जे बोलले ते चुकलं, असं म्हणायचं. खरं होतं पण चुकलं. ते वाक्य मी घोकत होते.

९

धारला पोचले तेव्हा सवाचार झाले होते. तलावामागच्या कॉलनीत रघुजीचं घर आहे, रस्त्याकडच्या खोलीत काम करतो आणि मागे राहतो. भरपूर ऊन होतं. शेजारी कुणी अंगणात फुलबाज्या वाळत घालत होतं. मी दार वाजवलं.

रघुजीनं दार उघडलं, हातभर. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही. अंगात नवा सदरा होता. कपाळावर टिळा होता, ओला, आणि त्यावर अक्षता. एक दाणा भुवईवर अडकला होता. मी टिळा लावते तो वर जाताना जरा उजवीकडे कलतो, आई त्यावरून मला नेहमी टोकायची. हा टिळा उजवीकडे कललेला होता.

घोकलेलं वाक्य मी विसरले. विचारलं, “कुणी ओवाळलं तुला?”

तो उंबऱ्यावर आला आणि दार मागे ओढून धरलं. “जीजी, तू जा,” तो हळू म्हणाला. “बस मिळेल अजून.”

“मी कोण आहे ते तुला कळतंय ना?”

“कळतंय. तूच जीजी आहेस.” त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. “फोनवर शपथ घेतलीस तेव्हा वहम आला. लाल चिठ्ठी आली तेव्हा पक्कं झालं. तशी चिठ्ठी दुसरं कोण पाठवणार?”

“मग आत कोण आहे?”

“मी विचारलं नाही.”

“रघु, अरे कोण आहे, कुठून येते, काही...”

“विचारलं तर जाईल,” तो म्हणाला. त्याचा उजवा हात कापत होता. त्यानं तो लपवला नाही, तसाच माझ्यापुढे धरला. “गोंद लावताना ती हा खालून धरते. बोलत काही नाही. नुसती धरते.”

मी म्हणाले की मीही धरला असता. मला खरंच तसं वाटलं. माझा आवाज इतका लहान झाला होता की मलाच तो ओळखू आला नाही.

“दोन वर्षं हात इथेच होता, जीजी,” तो म्हणाला. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते, भांडून आत शिरले असते.

तो वळला तेव्हा दार थोडं उघडलं. खोलीत टेबलावर विमान उभं होतं, पुरं झालेलं, दोन्ही पंख जोडलेले, दोन्ही मोटरी बसवलेल्या. त्याच्या पलीकडे स्टुलावर एक बाई पाठमोरी बसली होती. मानेवर पांढऱ्या केसांचा अंबाडा, आणि अंगावर वांगी रंगाची साडी, घडीच्या रेषा अजून न मोडलेली. ती एक हात पंखावर ठेवून थांबली होती, कुणी दारात आहे हे कळल्यासारखी. मग ती वळू लागली. माझी मान आखडलेली असते म्हणून मी आधी खांदा वळवते आणि मग डोकं. तिनं आधी खांदा वळवला.

रघुजीनं दार लावलं. आतून कडी सरकली. मी ताम्हनाचा डबा छातीशी धरून तिथेच उभी होते, दारापासून वीतभर अंतरावर, आणि आत स्टूल सरकल्याचा आवाज आला.

“कोण होतं रे, रघु?” माझ्याच आवाजात कुणी विचारलं.

माझा भाऊ म्हणाला, “कोणी नाही, जीजी.”